चौथ्या पायरीवरचं बोलणं

माझं अक्षर वाकडं आहे. ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं हे मला शाळेतही कळलं नाही, आणि रिद्धपूरची ती शाळा चौथीतच सुटली. त्यामुळे वाचताना जिथं अडेल तिथं अंदाजानं पुढं जावं, ही आधीच विनंती. आमच्या महिला मंडळाच्या हस्तलिखित दिवाळी अंकाला 'तुमच्या नोकरीचं लिहा' असं मंडळाच्या मॅडम तीनदा म्हणाल्या. चारचौघींत मला बोलता येत नाही, म्हणून मी नुसती मान हलवली. आता दुपारी घरात कोणी नसताना लिहिते आहे. धीर झाला तर देईन, नाहीतर वही पेटीत राहील.

अमरावतीच्या एका टॉकीजमध्ये मी एकतीस वर्षं काम केलं. पहिली अकरा वर्षं झाडायला होते, पुढं बाल्कनीच्या दारावर तिकीट फाडायला. टॉकीजचं नाव लिहीत नाही, कारण आमचे मॅनेजरसाहेब अजून आहेत आणि त्यांना हातात येईल ते वाचायची सवय आहे.

लोकांना वाटतं, हिची मजा होती, फुकटात पिक्चर. पण दारावरच्या बाईला पिक्चर दिसत नाही. सुरुवातीला ती बॅटरी घेऊन उशिरा आलेल्यांना खुर्च्या दाखवत असते, मध्ये दाराबाहेर स्टुलावर असते आणि शेवटची पाच मिनिटं पडदा बाजूला धरून उभी असते. पहिल्या तीस वर्षांत मी एकही पिक्चर पहिल्यापासून शेवटपर्यंत बसून पाहिला नव्हता. मला सगळे पिक्चर माहीत होते ते बायांच्या तोंडून.

आणि तेच माझं खरं काम झालं होतं. पिक्चर शुक्रवारी लागतो. तो पुढच्या शुक्रवारनंतर ठेवायचा की काढायचा, हे वितरकाला शनिवारी-रविवारीच सांगावं लागतं. पेपरात काय छापून आलं, मोबाईलवर किती चांदण्या मिळाल्या, याच्यावर साहेबांचा भरवसा नव्हता. मुंबईवाल्यांचं मत मुंबईत चालते, म्हणायचे. घरगुती पिक्चर असला की शुक्रवारी तीन वाजता, बारा ते तीनचा खेळ सुटल्यावर, ते मला बोलावत आणि एवढंच विचारत, "काय म्हणतात बाया?"

मी लाजाळू. साहेबांपुढं दोन वाक्यं बोलले तरी घाम यायचा. पण हे एक मला येत होतं. बाल्कनीतून खाली यायला बावीस पायऱ्या आहेत. पिक्चर चांगला असला तर बाया खालपर्यंत त्याचंच बोलतात, नाकं पुसतात, एखादी नटीची नक्कल करते. चौथ्या पायरीवर जर कोणी म्हणाली, 'आता घरी जाऊन भाजी काय टाकू,' तर पिक्चर गेला. दुसरी परीक्षा मी झाडत होते तेव्हाची. खेळ सुटल्यावर खाली शेंगांची टरफलं जितकी जास्त, तितका पिक्चर पडेल. मन लागलं नाही की माणूस खात बसतो. मन लागलं तर पुडी मांडीवरच राहते आणि उठताना खाली पडते. भरलेल्या पुड्या निघाल्या की समजावं, तीन आठवडे चिंता नाही.

शेंदूरजनाघाटच्या एक बाई होत्या, संत्र्याच्या व्यापाऱ्याच्या घरच्या. लेकीकडं अमरावतीला आल्या की पहिल्याच दिवशी पिक्चरला यायच्या आणि जाताना मला एक संत्रं आणि एक मत देऊन जायच्या. संत्रं गोड असायचं, मत हमखास उलटं निघायचं. त्यांनी "दोन दिवसही नाही चालणार" म्हटलं की साहेब हाऊसफुलचा बोर्ड पुसून ठेवायला सांगत. त्या बाईंना हे कधी कळलं नाही. कळलं असतं तरी त्यांनी मत द्यायचं सोडलं नसतं.

आता ज्याच्यासाठी वही उघडली ते लिहिते. माझी नोकरी संपायच्या आधीच्या वर्षी एक घरगुती पिक्चर लागला. मोठा वाडा, तीन भाऊ, तीन सुना. धाकटी सून भांडून घर सोडून जाते. मोठी सून मात्र दर सणाला तिचं ताट मांडते, आणि कोणी बसत नाही म्हणून तसंच उचलून ठेवते. हे सगळं मला नंतर कळलं.

शुक्रवारी बाराच्या खेळाला बाल्कनी अर्धीअधिक भरली होती, बहुतेक बायाच. तीन वाजता मी पडदा धरून उभी राहिले. बाया निघाल्या आणि कोणी बोलेचना. पिक्चरचं नाही, भाजीचं नाही. डोळेही कोरडे. बावीसच्या बावीस पायऱ्या नुसता चपलांचा आवाज. एक साठीची बाई, हिरव्या लुगड्यातली, शेवटच्या पायरीवर जरा वेळ बसली आणि मग पदर सावरून निघून गेली. मला वाटलं, पाय दुखत असतील.

साहेबांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, "कोणी काहीच नाही बोललं."

"म्हणजे चालत नाही?"

"नाही वाटत," मी म्हणाले.

मी खाली वाकून पाहायला हवं होतं. पण झाडणं आता कंत्राटावर गेलं होतं, आणि दारावर आल्यापासून मी झाडूकडं पाहणं सोडलं होतं. खरं सांगायचं तर तेवढा तोरा मला आला होता.

शनिवारपासून त्याच बाया परत यायला लागल्या. कोणी बहिणीला घेऊन, कोणी सुनेला. आणि आता बोलायला लागल्या. शुक्रवारी जे गप्प होतं ते घरी जाऊन, रात्र काढून, बाहेर पडत होतं. एक म्हणाली, एवढा मोठा वाडा आणि तीन तासांत झाडू मारताना कोणीच दिसत नाही. दुसरी म्हणाली, सासू झोपतेही गळ्यात हार घालून, मान कशी धरत नाही तिची. कॉलेजच्या मुलींना हिरो हिरॉईनच्या काकासारखा वाटला. एका वकिलाच्या बायकोनं सांगितलं की पिक्चरातली वाटणी कायद्यात बसतच नाही, धाकट्याची सही कुठं आहे. एका भटजींच्या घरच्या म्हणाल्या, कलश मांडायच्या आधीच यांनी आरती उरकली. या दोघी चुका मोजायला म्हणून मंगळवारी दुसऱ्यांदा आल्या आणि दोघीही ताटाच्या जागी पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. ते मी पडद्याच्या फटीतून पाहिलं.

भिशीच्या बायांसाठी आमच्याकडं एक रीत होती. पुढच्या आठवड्याचं तिकीट निघायच्या आधी मी वहीत नाव लिहून घ्यायची, पैसे पाकिटात वेगळे ठेवायची, आणि मधल्या रांगेच्या जागा धरायची. मंगळवारपर्यंत पुढच्या बुधवारसाठी त्रेचाळीस जागा झाल्या. त्यांतल्या शेवटच्या दोन त्या हिरव्या लुगड्यातल्या बाईंच्या. वलगावच्या निर्मलाबाई.

त्यांनी ऐंशी-ऐंशीचे एकशे साठ मोजून दिले आणि म्हणाल्या, "दोन. लागून पाहिजे. मधात खांबही नको."

दुसरं नाव काय लिहू, मी विचारलं.

"माई धाकटी जाऊ हाय, वंदना. अकोल्याले राहते. नऊ वर्सं झाले, आमी बोललो नाई. परवा फोन केला. बाकी काही सुचलं नाई, म्हटलं पिक्चरले ये. तं हो म्हणाली. बुधवारीच जमते तिले."

एवढं बोलून त्या निघाल्या, दोन पायऱ्या उतरल्या आणि परत वर आल्या. "घरी ये म्हटलं असतं तं आली नसती," त्या म्हणाल्या. "माया घरची पायरी ते चढत नाई, अन् तिच्या घरची मी."

मी वहीत लिहिलं : निर्मलाबाई, वलगाव, बुधवार, दोन, लागून.

त्याच संध्याकाळी साहेब म्हणाले की शुक्रवारपासून मारामारीचा पिक्चर लागतो आहे, हा काढला.

माझ्या हातातलं पाकीट जड झालं. मी म्हणाले, बाया येताहेत, बुधवारच्या त्रेचाळीस जागा धरल्या आहेत.

"बाई, तुमीच तं म्हटलं होतं. म्या शनिवारीच शब्द देऊन बसलो." मग माझं तोंड पाहून ते नरमले. "गुरुवारी दुपारच्या खेळात बसवता येतीन तेवढ्या बसवा. बाकीच्याईले पैसे वापस करा."

दुसरं काही विचारायची हिंमत नव्हती, म्हणून मी बाल्कनीत गेले. कंत्राटाची माणसं झाडत होती. खुर्च्यांखाली टरफल नावालाही नव्हतं. मी विचारलं, शुक्रवारी बाराच्या खेळानंतर काय निघालं होतं? त्यांच्यातला एक हसला आणि म्हणाला, "भरल्या पुड्याच पुड्या होत्या ना मावशी. आमी दोन दिवस खाल्ल्या."

हे साहेबांना मी सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहिते आहे.

बुधवारी सकाळपासून मी वही घेऊन फिरले. सत्तावीस जणी गुरुवारी यायला तयार झाल्या. चौदा जणींना पैसे दिले. मला वाटलं होतं बोलणी खावी लागतील, पण बायांना पैशापेक्षा बोलायला कोणी हवं होतं. एकीनं मला चहा देऊन तिच्या नणंदेची सगळी गोष्ट सांगितली आणि शेवटी म्हणाली, 'हे मी तुम्हाला काहून सांगून राहिली?' दुसरीनं शेजारणीला हाक मारली आणि दोघी माझ्यासमोर भांडल्या. एक म्हणे मोठ्या सुनेनं आधीच फोन करायला हवा होता, ताट मांडून कोणाला दिसतं? दुसरी म्हणे, दाखवायला मांडत नव्हतीच ती. मी मधे पैसे हातात धरून उभी. अशी मतं ऐकून माझ्या डोक्यात तो पिक्चर तुकड्या-तुकड्यांनी पुरा झाला.

राहिल्या निर्मलाबाई. त्यांचा नंबर मी लिहून घेतला नव्हता. वलगाव काही लांब नाही. दुपारच्या गाडीनं गेले, विचारत विचारत घर सापडलं. त्या अंगणात तुरीची डाळ पाखडत होत्या. मला पाहूनच त्यांनी ओळखलं की काही चांगलं नाही.

मी सांगितलं, पिक्चर जातो आहे. गुरुवारी जमेल का?

"तिले नाई जमत," त्या म्हणाल्या. सूप खाली ठेवलं. मी एकशे साठ रुपये पुढं केले, ते त्यांनी घेतले नाहीत. चुकी कोणाची होती तेही मी सांगितलं. ते सांगायलाच तर मी गेले होते. त्या रागावल्या नाहीत. बराच वेळ डाळीतले खडे वेचत राहिल्या.

मग खाली मान घालूनच बोलल्या. "माया पोरीच्या लग्नात पत्रिका छापली. सगळ्याईचे नावं होते. वंदनाचं अन् तिच्या मालकाचं नव्हतं. म्या सगळ्याईले सांगतलं, छापखान्याची चूक हाय. छापखान्याची नव्हती. त्या आधी एका गोष्टीनं मले राग होता, आता ते गोष्टही आठवत नाई धड." एक खडा बाजूला टाकून म्हणाल्या, "पिक्चरातल्या बाईनं ताट तं मांडलं. म्या नावबी नाई मांडू देलं."

मला एक गोष्ट माहीत होती, साहेबांच्या टेबलावर कागद पाहिला होता. मी म्हणाले, अकोल्यात हा पिक्चर पुढचा आठवडाही आहे.

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही अकोला मीच शोधून काढलं. "म्हंजे तिच्या गावाले मी जाऊ?"

मी गप्प राहिले. मला बोलता येत नाही हे कधी कधी कामाला येतं.

उठताना मी पुन्हा पैसे पुढं केले. "ते राहू दे तुह्यापाशी," त्या म्हणाल्या. "जायचं ठरलं तं तिथं तिकिटाले लागतीन. अन् तूबी चाल संगं. एकटी निंगाली तं मी बडनेऱ्यावरूनच वापस येईन."

मी वर्षातून एक सुट्टी घेणारी. साहेबांना सुट्टीचं कारण विचारायची सवय नव्हती, म्हणून वाचले. निर्मलाबाईंनी जावेला फोन करून ठरवलं आणि पुढच्या बुधवारी सकाळी आम्ही अकोल्याच्या गाडीत बसलो. एकशे साठ रुपये मी रुमालाच्या टोकाला बांधले होते. बडनेऱ्याला त्या काही बोलल्या नाहीत. मूर्तिजापूरला मात्र पिशवी उचलून उभ्याच राहिल्या, इथंच उतरू म्हणाल्या. मी त्यांच्या आणि दाराच्या मधल्या जागेवर बसले होते. मी पाय आवरले नाहीत. गाडी सुटली, त्या बसल्या. "तुले दारावर राहून सवय हाय," एवढंच म्हणाल्या.

टॉकीजसमोर वंदनाबाई आधीच उभ्या होत्या. पन्नाशीच्या, चष्मा, हातात तीन तिकिटं.

"तीन काहून?" निर्मलाबाईंनी विचारलं. नऊ वर्षांनंतरचं समोरासमोरचं पहिलं वाक्य हे.

"तुमी कोणाले तरी आणसानच, ताई. तुमी कवा एकट्या कुठी गेल्या?"

तिकिटाचे पैसे द्यायला निर्मलाबाईंनी माझ्याकडं हात केला, पण वंदनाबाई तोवर दारात पोचल्या होत्या. आत मी कडेची खुर्ची घेतली, म्हणजे दोघी लागून. दारावरच्या बाईनं बॅटरी दाखवली तेव्हा सवयीनं मीच उठायला लागले. वंदनाबाईंनी पदर धरून बसवलं.

माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा पूर्ण पिक्चर पाहिला. झाडूवाली खरंच कुठं दिसली नाही, आणि सासू खरंच हार घालून झोपली. पण मोठी सून ताट मांडायला लागली तेव्हा मला ते काही आठवलं नाही. दिवाळी, पाट, रांगोळी, एक जागा रिकामी. आमच्या तिघींच्या मांड्यांवर शेंगांच्या पुड्या होत्या, एकीचीही उघडली नव्हती.

अंधारात निर्मलाबाई बोलल्या, पडद्याकडं पाहतच. "वंदना, पत्रिकेतली चूक छापखान्याची नव्हती."

"मले मालूम हाय," वंदनाबाई म्हणाल्या. त्याही पडद्याकडंच पाहत होत्या. "म्या तवाच छापखान्यात जाऊन इचारलं होतं."

"मंग आजपावतो बोलली काहून नाई?"

"तुमी सांगायची वाट पाहून राहिली होती."

मागच्या रांगेतून कोणी तरी "वो बाई, गप बसा ना" म्हणालं. दोघी गप्प बसल्या. मी मान वळवून पाहिलं नाही. मला एवढंच दिसत होतं की दोघींच्या खुर्च्यांमधल्या दांडीवर आता दोन हात होते.

खेळ सुटला. त्या टॉकीजलाही बाल्कनीच्या पायऱ्या होत्या. मी मागं राहिले आणि सवयीनं कान दिला. पहिली पायरी, दुसरी, तिसरी. काही नाही. चौथ्या पायरीवर निर्मलाबाई म्हणाल्या, "वांगं अजूनही गॅसवरच भाजतं का वं?"

"गॅसवरच. चूल कुठी ठेवू, दुसऱ्या माळ्यावर?"

"मंग त्याच्या भरताले चव कशाची?"

"तुमी या अन् भाजून दाखवा."

चौथ्या पायरीवर भाजी निघाली होती. माझ्या तीस वर्षांच्या हिशेबानं पिक्चर साफ पडला होता. मी कठड्याला धरून एकटीच हसले. त्या दिवसापासून मी ती परीक्षा वापरली नाही. शुक्रवारी साहेबांनी विचारलं की मी सांगायची, दोन दिवस थांबा, बायांना घरी जाऊन येऊ द्या. उरलेल्या वर्षभरात आमचा एकही चांगला पिक्चर लवकर उतरला नाही, हे मात्र लिहून ठेवते.

बाहेर आलो. फाटकाजवळ एक माळीण टोपली घेऊन बसली होती. निर्मलाबाई तिथं थांबल्या. मोठी, जांभळी वांगी एक-एक उचलून, हलकी बघून बाजूला काढली. शेजारच्या गाडीवरून डझनभर केळी घेतली. वंदनाबाई पर्स उघडत होत्या, त्यांचा हात निर्मलाबाईंनी बाजूला केला आणि आपला तळवा माझ्यापुढं धरला.

"आण ते माये एकशे साठ," त्या म्हणाल्या. "जावेच्या घरी पहिल्यांदा चालली मी. रिकाम्या हातानं जाऊ काय?"

मी रुमालाची गाठ दातांनी सोडली आणि पैसे त्यांच्या हातावर मोजले. मग वही काढून, तिथंच उभ्या-उभ्या, त्यांच्या नावापुढं बरोबरची खूण केली. त्रेचाळीस जागांमधली कोणाची एक दमडीही आता माझ्याकडं राहिली नव्हती.